पास्कल मास्तरांचं शुद्धलेखन

पास्कल मास्तरांना गावात कोणी पास्कल म्हणत नसे. सगळे पास्कू मास्तर म्हणत, आणि ही गोष्ट त्यांना जन्मभर लागून राहिली. मागून कोणी हाक मारली की ते थांबत, वळत, आधी नाव दुरुस्त करत आणि मग काम काय ते विचारत. एकदा मसुऱ्याच्या रस्त्यावर बैल उधळून त्यांच्या मागून आला. कोणीतरी ओरडलं, पास्कू मास्तरानू, बाजूक व्हा. मास्तर बाजूला झाले आणि धूळ झटकत पहिला शब्द बोलले तो "पास्कल". बैलाची चौकशी नंतर केली. मी हे स्वतः पाहिलेलं नाही, पण मास्तरांनी ते कधी नाकारलंही नाही.

मी त्यांच्या हाताखाली शिकले, पुढे त्यांच्याच शाळेत त्यांच्या हाताखाली नोकरीला लागले आणि त्यांच्यानंतर त्यांच्याच खुर्चीवर बसले. आमची शाळा खाडीच्या काठावर. खालच्या बाजूला ख्रिस्ती वाडी, वर आमची शेतकऱ्यांची. मास्तर खालच्या वाडीतले. अंगाने काटकुळे, शर्ट नेहमी पांढरा, छत्री बारा महिने बगलेत आणि खिशात खडूचा तुकडा. तो खडू शाळेसाठी नसायचा, रस्त्यासाठी असायचा. जगात जिथे जिथे ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं असेल तिथे तो वापरायचा असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. तोंडवलीला पर्यटक यायला लागले आणि घरोघरी 'मालवनी जेवन' अशा पाट्या लागल्या, तेव्हा तर त्यांना दम खायला फुरसत मिळेना. एका बाईने त्यांना सरळ विचारलं की मास्तरानू, 'न' चो 'ण' केल्यार माश्याक चव जास्त येतली काय. मास्तरांनी 'ण' पुरा केला आणि मगच त्यांना हसू आलं. हसले की ते फार गोड दिसत, हेही सांगायला हवं, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यात ते फारसे हसलेले नाहीत.

शाळेत ते मालवणी बोलत नसत. फाटकाच्या बाहेर सगळ्यांसारखं 'माका' आणि 'तुका', आत पाऊल टाकलं की 'मला' आणि 'तुला'. आम्ही पोरं पैजा लावत असू की आज मास्तर आत चुकून 'माका' म्हणतील. कोणीच कधी पैज जिंकलं नाही.

त्यांचा खरा सोहळा असायचा प्रवेशाच्या दिवसांत. आया पोरांना हाताला धरून ओळीने उभ्या राहत आणि मास्तर नवीन पान उघडून विचारत, नाव काय? कोणी म्हणे कायतान. मास्तर मान हलवत आणि आपल्या घोटीव अक्षरात लिहीत, केजिटन. पेद्रूचा पीटर झाला, जुवांवचा जॉन झाला, इंत्रूचा अँड्र्यू झाला. आमच्या वरच्या वाडीचीही सुटका नव्हती. भिकल्या आला तो भिकाजी होऊन गेला, दिगूचा दिगंबर झाला. मी घरची सगू. मास्तरांनी मला सगुणा केलं. माझी आई त्या नावावर इतकी खूश झाली की कितीतरी दिवस मला 'सगुणाबाय, भांडी घासतलास काय' असं विचारत होती.

ख्रिस्ती मुलांच्या बाबतीत मास्तरांचा एक सिद्धांत होता. प्रत्येक नावामागे एक संत असतो. त्याला बरोबर नावाने हाक मारली नाही तर तो ओ कसा देणार? गोव्याहून आणलेलं संतांच्या नावांचं एक पुस्तक त्यांच्याकडे होतं, आणि बाप्तिस्मा कोणत्याही नावाने होवो, शाळेत नाव त्या पुस्तकातलं लागे. नातालीन नावाची एक कोळंबी विकणारी बाई आपल्या मुलाला घेऊन आली तो प्रसंग वाडीत अजून सांगतात. मुलाचं नाव बस्त्याव, बापाचं इनास. मास्तर म्हणाले, असा संत नाही. आणि लिहिलं, सेबॅस्टियन इग्नेशियस.

"मास्तरानू," नातालीन म्हणाली, "तो सांत काय माझ्या झिलाक जेवाक हाक मारतलो? माका मारूची आसा. आमच्या घराक तो बस्त्यावच रवतलो."

"घरी काय हवं ते म्हण," मास्तर म्हणाले. "इथे बरोबर लिहायचं."

बस्त्याव माझ्या वर्गात होता. पहिले काही आठवडे मास्तर हजेरी घेताना 'सेबॅस्टियन' पुकारत, तेव्हा तो मान वळवून बघायचा, की हा कोण नवा पोरगा आलाय. मास्तर मान खाली घालून गैरहजर मांडत. शेवटी मुलगा शाळेत येत नाही म्हणून त्यांनी नातालीनला बोलावणं पाठवलं. ती मासळीची पाटी डोक्यावर घेऊनच आली आणि पहिल्या रांगेत बोट करून म्हणाली की ह्यो काय बसलोहा. सगळा वर्ग हसला, मास्तरही हसले. बस्त्याव तर सगळ्यात जास्त हसला. मग त्याला त्याच्या नावाची सवय झाली, म्हणजे शाळेपुरती. शाळा सुटली तसं ते नावही दप्तराबरोबर कुठेतरी पडलं आणि तो बापाच्या होडीवर बस्त्याव होऊन गेला.

पुढे मास्तर निवृत्त झाले आणि बऱ्याच वर्षांनी गावात इंटरनेटच्या तारेचं जाळं आलं. रस्त्याकडेने चर खणले गेले, नारिंगी नळ्यांची भेंडोळी चराजवळ पडून राहिली, पोरांनी त्यावर उड्या मारल्या, आणि शेवटी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक पेटी बसली. तिच्यात हिरवा दिवा लुकलुकायचा. त्या पेटीचं सगळ्यात जास्त कौतुक कोणाला असेल तर मास्तरांना. ग्रामसभेत लोक कुरकुरत होते की चरात गुरं पडतात. बस्त्यावने विचारलं की ह्या नळीतसून बांगडे येतले काय. मास्तर उठून उभे राहिले आणि त्यांनी अर्धा तास भाषण ठोकलं. म्हणाले, आजवर आपला सातबारा बघायचा तर दुसऱ्याच्या कपाटासमोर हात जोडून उभं राहावं लागत होतं. माहिती कोणाच्या तरी कुलपात होती. आता ती उघड होणार. आणि जी माहिती उघड असते ती बरोबर ठेवावीच लागते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण ते खोटं बोलत नव्हते. त्यानंतर कितीतरी म्हातारी माणसं त्यांच्याबरोबर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या माळावर, चढून गेली. आमच्याकडे फोनला रेंज यायची ती वर सड्यावरच. तिथे कातळावर बसून मास्तर आपल्या फोनवर त्यांना त्यांचीच जमीन दाखवत. एक म्हातारा आपलं नाव पडद्यावर बघून रडला होता.

आधार कार्डाचं शिबिर आमच्या शाळेतच भरलं होतं. यंत्रावरचा मुलगा बाहेरगावचा, त्याला आमची नावं कळेनात. मास्तर त्याच्या बाजूला खुर्ची टाकून बसले आणि येईल त्याला सांगू लागले, शाळेचा दाखला आण, दाखल्यावरचं नाव घाल. बस्त्यावची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, मास्तरानू, रेशनकार्डार माझा नाव बस्त्याव इनास आसा. रेशनकार्डं लिहिली होती ती घरातल्या बायकांच्या तोंडून ऐकून, त्यामुळे सगळ्या वाडीची नावं तिथे आई हाक मारायची तशीच होती. मास्तर त्याला म्हणाले, मग रेशनवरचं सुधारून घे सवडीने. बस्त्याव बरं म्हणाला. नावातला एक शब्द सुधारायला भरतीचा दिवस कोण फुकट घालवणार? त्याने घालवला नाही, वाडीतल्या कोणीच घालवला नाही, आणि कोणाचं काही अडलंही नाही. कारण तोवर एका कागदाला दुसरा कागद माहीत नव्हता.

मग सगळं सगळ्याला जोडायचे दिवस आले. कार्डाला कार्ड, कार्डाला फोन, फोनला अंगठा. पंचायतीच्या बाजूला दिगूने, म्हणजे मास्तरांच्या दिगंबरने, सेवा केंद्र उघडलं. त्याच्या दारात आमची माणसं बसून राहू लागली. नाव जुळत नाही, हे तीन शब्द मी त्या वर्षांत जितक्या वेळा ऐकले तितक्या वेळा देवाचं नाव घेतलं नसेल. मास्तर सुरुवातीला चिडत ते लोकांवर. म्हणत, मी तेव्हाच सांगितलं होतं. नंतर ते चिडायचे बंद झाले आणि दिगूकडे येऊन कोपऱ्यात बसू लागले.

बस्त्यावला चालताना धाप लागायला लागली. होडी ओढताना तो मध्येच वाळूत बसून राही. तालुक्याच्या डॉक्टरने सांगितलं की काळजातली झडप खराब आहे, घाटावर मोठ्या रुग्णालयात जाऊन बदलून घ्यावी लागेल; गरिबांसाठी सरकारी योजना आहे, फुकट होईल. आमच्याकडे घाट चढून जाणं म्हणजे परदेशाला जाणं. बस्त्यावची बायको आनमारी मास्तरांकडे आली की तुमका बोलाक येता, तुमी वांगडा चला. मास्तर गेले. त्या रुग्णालयात काय झालं ते मला मास्तरांनी नाही, आनमारीने सांगितलं.

योजनेच्या खिडकीवर एक तरुण मुलगी होती. तिने दोन्ही कार्डं घेतली, पडद्यावर काहीतरी बघितलं आणि म्हणाली, रेशनकार्डावरचा पेशंट वेगळा आहे आणि आधारवरचा वेगळा. मास्तरांनी आपल्या शाळेतल्या मराठीत तिला सगळं समजावून सांगितलं. बस्त्याव म्हणजेच सेबॅस्टियन, इनास म्हणजेच इग्नेशियस. मी याचा शिक्षक, हे नाव मीच लिहिलं. त्या मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आनमारी म्हणाली की पोर चांगली होती, तिने मास्तरांना बसायला खुर्ची दिली.

"सर, मला पटतंय," ती म्हणाली. "पण मंजुरी मी देत नाही." आणि तिने पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवला.

मास्तर तो पडदा बघत उभे राहिले. बस्त्याव भिंतीला टेकून बसला होता. तो तिथूनच म्हणाला, "मास्तरानू, तेंका सांगा, दोघांतलो खयचोय एक घाला. काळीज एकच आसा."

ती मुलगी हसली, आनमारीही हसली. मास्तर हसले नाहीत. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली नाही. नावाचं नीट करून या म्हणून सांगितलं आणि गोळ्या दिल्या. घाट उतरताना बस्त्याव झोपला होता आणि मास्तर दोन्ही कार्डं पुन्हा पुन्हा वाचत होते, असं आनमारी म्हणाली.

त्यानंतर मास्तर झपाटल्यासारखे झाले. दिगूकडे रेशनवरचं नाव बदलायला घेतलं, तर साईट दुपारी उघडायची नाही आणि संध्याकाळी उघडली तर मध्येच पडायची. रस्ता रुंद करणाऱ्या यंत्राने तारच तोडली. पंचायतीतला हिरवा दिवा विझला तो विझलाच. दिगू लॅपटॉप घेऊन सड्यावर चढला, त्याच्यामागून छत्री धरून मास्तर. सगळं भरून झालं की शेवटी उत्तर यायचं की नावात पूर्ण बदल आहे, पुरावा जोडा. पुरावा म्हणून चर्चमधून बाप्तिस्म्याचा उतारा आणला, तर त्यात पाद्रीने लिहिलं होतं 'सॅबास्तियांव'. म्हणजे तिसराच माणूस. ध चा मा झाला की माणसाचा जीव जातो, हे आम्ही पोरांना गोष्टीत सांगतो. पोरं मान डोलावतात. आम्हीही डोलावतो.

एक दिवस मास्तर शाळेत आले. मी वर्गावर होते. ते व्हरांड्यात थांबले, मी आत बोलावलं तेव्हा आले, आणि माझ्यासमोर, म्हणजे आपल्याच जुन्या खुर्चीसमोर, उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. हातात अर्ज होता. शाळेच्या नोंदीतलं सेबॅस्टियन इग्नेशियस हे नाव बदलून बस्त्याव इनास करावं. म्हणजे दाखला बदलेल, दाखल्यावरून आधार बदलेल, आणि ते रेशनशी जुळेल. दुसऱ्या वाटा बंद झाल्यावर त्यांनी ही उलटी वाट काढली होती. कारण म्हणून लिहिलं होतं, नोंद करतेवेळी माझ्या हातून नाव चुकले.

मी म्हटलं, सर, चुकलं असं कशाला लिहिता? चुकीचं काही नव्हतं. प्रमाण नाव होतं.

"चुकलंय मी," मास्तर म्हणाले. "आवशीन सांगल्यान ताच बरोबर होता. माका कोणी इचारूक नव्हता बरोबर काय ता."

शाळेच्या आत त्यांना मालवणी बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मला रडू आलं, आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी उगाच कपाटाकडे गेले. जुन्या नोंदी आम्हाला परस्पर बदलता येत नाहीत, वरून परवानगी यावी लागते. मी अर्ज त्याच दिवशी पाठवला, फोन केले, स्वतः वरच्या कचेरीत जाऊन आले. तिथलेही कोणी दुष्ट नव्हते. त्यांनी विचारलं की बाप्तिस्म्याच्या उताऱ्यात नाव तिसरं का, याचा खुलासा करा. मास्तरांनी खुलासा लिहिला. इतकं सुंदर मराठी त्या टेबलावर पुन्हा कधी आलं नसेल.

खुलासा वरच होता तेव्हा बस्त्याव गेला. दुपारी अंगणात जाळं सांधत बसला होता, आनमारी पाणी घेऊन बाहेर आली तर जाळं मांडीवर आणि मान खाली. परवानगी नंतर आली. माझ्या फोनवर संदेश आला की आपला अर्ज मंजूर झाला आहे. मला तो फोन खाडीत भिरकावून द्यावासा वाटला.

मृत्यूची नोंद करायला आनमारी पंचायतीत गेली. बरोबर मास्तर होते आणि मीही होते. नोंद घेणाऱ्या मुलाने विचारलं, मयताचं नाव? आनमारी गप्प. आमच्याकडच्या जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. ख्रिस्ती असोत की हिंदू, यात दोन्ही वाड्या एक. तिने लग्नापासून त्याला 'अवो' म्हणून हाक मारली होती. तिने मास्तरांकडे बघितलं. वाडीत कोणाचंही नाव सांगायचं असलं की सगळे मास्तरांकडेच बघत. मास्तर तरी कोणतं सांगणार?

"मिनगेलाचो बापूस," शेवटी आनमारी म्हणाली. मिनगेल तिचा मुलगा, बोटीवर कामाला.

त्या मुलाने सुस्कारा सोडला, आधार नंबर मागितला आणि यंत्रात घातला. नाव आपोआप उमटलं. सेबॅस्टियन इग्नेशियस मेला, असा दाखला निघाला. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

पण सुटणार कसे? रेशनकार्डावर बस्त्याव इनास होता. मध्येच फर्मान निघालं की कार्डावरच्या प्रत्येकाने दुकानात येऊन अंगठा द्यायचा, नाहीतर कार्ड बंद. आनमारीने दिला. मिनगेल सुट्टीवर आला तेव्हा त्याने दिला. बस्त्यावचा बाकी राहिला. त्याचं नाव काढायचं तर मृत्यूचा दाखला बस्त्यावच्या नावाचा हवा, आणि आमच्याजवळ होता तो सेबॅस्टियनचा; शाळेची उशिरा आलेली मंजुरी मेलेल्या माणसाच्या आधारला चालत नव्हती. जिवंतपणी ज्या दोघांना एक दाखवता आलं नाही, त्यांच्यात मरणही वाटलं गेलं. आनमारीच्या घरी तांदूळ यायचा बंद झाला. मिनगेल बोटीवर, लांब. वाडी तिला उपाशी ठेवणार नव्हती, पण दुसऱ्याच्या ताटातलं जेवण तिच्या घशाखाली उतरत नसे.

मास्तर तिच्याबरोबर दर महिन्याला दुकानात जाऊ लागले. ऐंशीच्या पुढचे झाले होते, पायाला सूज असायची. मी म्हटलं, सर, मी जाते. म्हणाले, नाही, नाव मी दिलंय. पुढे त्यांची मुलगी येऊन त्यांना गोव्याला घेऊन गेली आणि ते गावात परत आले नाहीत. तिकडेच वारले. त्याआधी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या रेशन दुकानात.

आनमारी पिशवी घेऊन उभी होती, मास्तर तिच्या बाजूला. दुकानदाराने यंत्र चालू केलं, कार्डाचा नंबर घातला. बस्त्याव इनास, अंगठा बाकी. त्याने यंत्र त्यांच्याकडे वळवलं आणि हात जोडले.

"मास्तरानू, तो गेलो ता माका म्हायत नाय काय? मयताक मी होतंय," तो म्हणाला. "पण ह्या मशीनीक कसा सांगू?"

मास्तरांनी छत्री आनमारीच्या हातात दिली. उजवा अंगठा शर्टाला नीट पुसला आणि पुढे होऊन यंत्रावर ठेवला. यंत्रातली बाई म्हणाली, ओळख पटली नाही. मास्तरांनी अंगठा उचलला, पुन्हा पुसला, पुन्हा ठेवला. ती पुन्हा तेच म्हणाली. ते तिसऱ्यांदा पुसायला लागले तेव्हा आनमारीने त्यांचं मनगट धरलं.

"रवांदे, मास्तरानू," ती म्हणाली. "तो तुमच्यार रागावन गेलो नाय."